दुपारची बाजू

पुणे, ११ नोव्हेंबर २०२४

श्रीमती चंपा गजभिये यांस,
स. न.

पत्र लिहिण्याचं कारण एकच. जुळणीच्या दुकानातल्या संगणकात जागा संपली आहे, आणि जी थोडी शिल्लक दिसते ती आपल्या बाजूची आहे. दुसरीच्या बाजूला न विचारता हात लावायचा नाही, हा नियम मीच केलेला असल्यामुळे विचारणं भाग पडलं. नाहीतर साडेचार वर्षांनी पत्र पाठवण्याचं काही प्रयोजन नव्हतं.

आपल्याला आठवत असेल, तरी नोंद असावी म्हणून लिहिते. यंत्र एक, बाजू दोन. सकाळी मी विंडोजवर, कारण जुन्या फॉन्टचा प्रोग्राम तिथेच चालतो. दुपारी आपण लिनक्सवर. दोन्हींच्या मध्ये डी नावाची सामाईक जागा, पुरी झालेली कामं ठेवायला. हे सगळं अजून तसंच आहे. फक्त दुपारी ते यंत्र कोणी लावत नाही.

मंडईमागे संगणक दुरुस्तीचं दुकान असलेले साईनाथ येऊन गेले. त्यांनी डिस्कचा नकाशा पडद्यावर काढून दाखवला. माझी बाजू काठोकाठ भरलेली, डी भरत आलेली, मग आपली बाजू, आणि तिच्याशेजारी आठ जीबीचा एक तुकडा. त्याला नाव नाही आणि त्यात एकही फाइल दिसत नाही. ते म्हणाले, "बाई, हे स्वॅप पार्टिशन. लिनक्सचं. ती बाजू कोणी वापरत नसेल तर हे पुसतो आणि तुमच्याकडे जोडून देतो."

मी म्हटलं, जिची बाजू आहे तिला विचारावं लागेल.

"मग करा की फोन."

फोनवर आपण दोघी काय करतो ते साईनाथांना माहीत नाही. कागदावर निदान वाक्य पुरं करता येतं.

तेव्हा एवढंच कळवावं: त्या तुकड्यात काही आहे का, आणि पुसला तर चालेल का. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे, म्हणजे उशिराला सबब राहणार नाही.

पत्ता चि. निकिताच्या लग्नपत्रिकेवरून घेतला. पत्रिका पोहोचली होती. येता आलं नाही.

कळावे,
मुक्ता शितोळे


नागपूर, १८ नोव्हेंबर २०२४

मुक्ता,
जयभीम.

हे "आपण" कोण? पत्र आधी निकिताच्या हाती पडलं. ती म्हणाली, "आई, बँकेची नोटीस आली का?" मी म्हटलं, नाही गं, पुण्याची मैत्रीण आहे. होस्टेलमध्ये माझ्या ताटातली अर्धी भाकरी न विचारता उचलायची, ती आता मला आपण म्हणते. पुण्यात रागालासुद्धा इस्त्री लागते.

तुझं पाकीट वापरलेलं नाही. सोबत परत पाठवते. आमच्याकडे तिकिटं मिळतात.

स्वॅप म्हणजे काय ते मी तुला एकदा सांगितलं होतं. तेव्हा तू मंडईतून आणलेले मटार सोलत होतीस आणि हूं हूं करत होतीस. म्हणून पुन्हा सांगते. आपलं टेबल लहान. त्यावर मुद्रितांची गर्दी झाली की हातातले नको असलेले कागद आपण खिडकीखालच्या बाकड्यावर सरकवायचो आणि लागले की ओढून घ्यायचो. संध्याकाळी बाकडं मोकळं. स्वॅप म्हणजे संगणकाचं ते बाकडं. त्याची मेमरी भरली की जास्तीचं तो तिथे सरकवतो. तिथे फाइल अशी कधीच नसते, म्हणून तुमच्या साईनाथांना काही दिसलं नाही. आणि मशीन बंद झालं की तिथे उरलेल्याचा कोणाला उपयोग नाही.

तेव्हा पुसून टाक. बाकडं गेलं की माझी बाजू सुरू होताना ते थोडा वेळ शोधत बसेल, इतकंच. पण आता माझी बाजू सुरू कोण करणार?

बापूरावांचं पुस्तक चांगलं निघालं असेल. एक प्रत पाठवायची होतीस. पुण्याहून नागपूरला पोस्ट चार दिवसांत येतं, त्याला चार वर्षं लागत नाहीत.

माझे गुडघे गेले. डोळे शाबूत आहेत. दुपारी अजून एका प्रकाशकाची मुद्रितं वाचते. मोठ्याने वाचते. सवय. समोर मूळ हस्तलिखित धरायला कोणी नसतं, तर निकिताची सासू येऊन बसते आणि मध्येच विचारते, "मग पुढे काय झालं?" पुस्तक खतांवरचं होतं.

चंपा


पुणे, २५ नोव्हेंबर २०२४

चंपा,

"आपण" लिहिल्याने तुझ्या घरी करमणूक होणार असेल तर बंद करते.

पुसायची परवानगी मिळाली, पोहोचली. साईनाथ गुरुवारी येतील.

पण तुझ्या पत्रातलं पुस्तकाचं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. ते टोमणा म्हणून लिहिलं असशील तर वाईट लिहिलं आहेस, आणि खरंच विचारत असशील तर उत्तर देते. पुस्तक निघालेलं नाही.

निघणार कसं? बापूराव पायगुडे खडकवासल्याच्या कालव्यावर पाटकरी म्हणून लागले आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर कानावर पडलेले पाण्याचे शब्द त्यांनी जमवले, चारी, मोरी, पाळी, सांडवा, दारं धरणं, आणि एकेका शब्दाखाली एकेक हकीकत लिहिली. ते बाड आपल्याकडे आलं. पहिली जुळणी झाली. मग ते तुझ्याशेजारी स्टुलावर बसून दुपारभर दुरुस्त्या सांगत होते, आणि निम्म्याहून जास्त हकीकती त्यांनी नव्याने सांगितल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्याच दिवशी तू गेलीस.

आता बापूरावांची नजर गेली आहे. मुलगी नम्रता हात धरून आणते तेव्हा येतात. मी त्यांना म्हटलं, पुन्हा सांगा, मी लिहून घेते. "पाळी" म्हणाले आणि थांबले. पाळीचं काय, म्हटलं, तर पुन्हा "पाळी" एवढंच म्हणाले. शब्द आहेत, शब्दाखालचं गेलं. दर वेळी जाताना विचारतात, "बाई, पुस्तक कुठवर आलं?" मी सांगते, काम चालू आहे. खोटं बोलायची मला सवय नाही आणि ती मला या वयात लागली आहे.

टाळेबंदीत तुला फोन केला होता तो याचसाठी. तू म्हणालीस, दुरुस्त्या मशीनवर आहेत. मी डी उघडून पाहिलं. फाइल होती, पण जुनीच, एकही अक्षर न बदललेली. पुरं झालेलं काम डीवर ठेवायचं, हा नियम. डीवर नाही म्हणजे झालेलं नाही. मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, "आहेत म्हणजे आहेत." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. मग तू फोन ठेवलास.

तुझ्या बाजूला गेले नाही. एकदाही नाही. तुझा पासवर्ड मला ठाऊक नाही आणि कधी विचारलाही नाही. यंत्र सुरू झालं की काळ्या पडद्यावर यादी येते. पहिली ओळ तुझी, शेवटची माझी. हात लावला नाही तर आपोआप तुझी बाजू सुरू होते. म्हणून रोज सकाळी मी चष्मा शोधायच्या आधी खाली जायची कळ दाबून ठेवते. ते मला आता देवापुढे दिवा लावण्यासारखं झालं आहे, फक्त उलट.

नियमांवरून तू नेहमी हसायचीस. ते हौसेचे नव्हते. शाळेच्या स्मरणिकेत न वाचलेली पानं जुन्यावर सेव्ह झाली आणि मुख्याध्यापकांच्या नावाखाली स्वयंपाकघराच्या खर्चाचा मजकूर छापून गेला, त्यानंतर ठरलं: दोघींनी मोठ्याने वाचून ताळा केल्याशिवाय जुन्यावर नवं चढवायचं नाही, आणि एका कामाच्या दोन फाइली दोन नावांनी ठेवायच्या नाहीत. ती चूक कोणाची होती ते आता उगाळत नाही. तुझी होती.

दुकान तसंच आहे. खाली ट्रेडलचा छापखाना होता तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पूर्वी त्या यंत्राचा धक्का आपल्या फरशीतून यायचा आणि तू त्या ठेक्यावर वाचायचीस. ते बंद पडल्यावर तू आठवडाभर अडखळत होतीस. मला वाटतं, ते आठवणारं माणूस आता मी एकटीच उरले आहे.

मुक्ता


नागपूर, ३० नोव्हेंबर २०२४
(स्पीड पोस्ट)

मुक्ता,

पुसू नकोस.

पुसलं असशील तर पुढचं वाचू नकोस, फाडून टाक. तुझा दुकानाचा नंबर लावून पाहिला, तो आता कुठल्या तरी क्लासवाल्याकडे आहे. तुझा मोबाइल माझ्याकडे नाही. तूच दिला नाहीस.

मी त्या दिवशी मशीन बंद केलं नव्हतं. झोपवलं होतं.

दोन्हींत फरक आहे. रोज मी पूर्ण बंद करायचे, तेव्हा बाकडं रिकामं व्हायचं. झोपवताना मात्र मशीन टेबलावरचं सगळं, जसं उघडं आहे तसं, बाकड्यावर मांडून ठेवतं आणि मगच वीज सोडतं. पुन्हा ती बाजू सुरू केली की तिथून उचलून टेबलावर जसंच्या तसं. साईनाथांना जे रिकामं दिसलं ते रिकामं नाही. त्यात बापूराव बसलेले आहेत.

आता काय झालं ते ऐक. दुरुस्त्या संपल्या, मी बापूरावांना बसपर्यंत सोडून आले. तू खिडकीशी फोनवर कागदवाल्याशी भांडत होतीस. तेवढ्यात माझा फोन वाजला. रामदास छतावरून पडला होता. माझा धाकटा भाऊ, त्याला मी कडेवर वाढवला. गाडीला तासभर होता. बापूरावांचं सगळं काम पडद्यावर उघडं होतं, न सेव्ह केलेलं. सेव्ह कसं करणार? तू वाचलं नव्हतंस. ताळा व्हायचा होता. दुसऱ्या नावाने ठेवायची सोय नाही. नियम तुझा, मुक्ता. मी तो तुझ्या पाठीमागेही पाळला.

म्हणून झोपवलं. दारातून म्हटलं, "आठवड्यात येते, मशीन झोपवलंय, माझी बाजू उघडून वाचून ठेव." तू हात हलवलास. तो हात मला होता की कागदवाल्याला, हे मी आजवर ठरवू शकले नाही.

मी धरून चालले की मला होता. आठवड्यात रामदास गेला. मग सगळं बंद झालं. तुझा फोन आला तेव्हा घरात सुतक होतं आणि तू पहिल्याच वाक्याला म्हणालीस, दुरुस्त्या कुठे आहेत. मी म्हटलं, मशीनवर. तू म्हणालीस, खोटं. मला वाटलं, वाचूनही नाही म्हणते. मला वाटलं, पुस्तकावर जुळणीत एकटीचं नाव घालायचं आहे हिला. इतकी वर्षं मी असं समजत होते की तू ते केव्हाच उघडलंस, छापलंस, आणि मला प्रतसुद्धा पाठवली नाहीस. म्हणून तर बेधडक लिहिलं, पुसून टाक. तू रोज सकाळी खालची कळ दाबत असशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. काहून असं असावं एखाद्या बाईने?

पुसलेलं नसेल तर घाई करू नकोस. झोपलेलं एकदाच उठतं. उठताना फसलं तर बाकडं रिकामं होतं आणि संपलं.

आधी डीमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घे. हे विसरलीस तर तुझंही जाईल. माझ्या बाजूला अजून मार्च २०२० वाटतंय. डीमध्ये तू तेव्हापासून काय काय ठेवलंस ते तिला माहीत नाही. उठल्याबरोबर ती जुन्या आठवणीने तिथे लिहायला गेली तर तुझी सगळी कामं विस्कटतील. झोपेत असताना घरातलं सामान हललंय आणि हिला वाटतंय सगळं जागच्या जागी आहे, तसं. म्हणून पानं सेव्ह करशील ती माझ्या बाजूच्या फोल्डरात, डीवर अजिबात नाही. मशीनमधला घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सेल बदलून घे. इन्व्हर्टर चालू आहे ना ते बघ. आणि मग सुरू झाल्यावर काहीच दाबू नकोस. तुला ते जड जाईल.

पासवर्ड, इंग्रजीत, लहान अक्षरांत, सगळं जोडून: मुक्ताचिडली.

तेव्हा गंमत म्हणून ठेवला होता.

स्मरणिकेची चूक तुझी होती.

चंपा


पुणे, ७ डिसेंबर २०२४

चंपा,
जयभीम.

पुसलेलं नाही.

साईनाथ गुरुवारी आले होते. मी त्यांना परत पाठवलं. डीची नक्कल घ्यायला बाहेरची डिस्क आणायची राहिली आहे, असं सांगितलं. डिस्क कपाटात होती. तू ते बाकड्याचं लिहायला नको होतंस. खिडकीखाली ते अजून आहे. भाजीची पिशवीसुद्धा मी त्यावर ठेवत नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि मग माणसाला समोर उभं करून पुसा म्हणणं जमेना. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बाकड्यावर बसून वाचलं.

रामदासचं मला माहीत नव्हतं. कोणी कळवलं नाही, आणि मी विचारलं नाही. तुझ्यामागे होस्टेलच्या फाटकाशी उभा राहायचा, हातात तुझ्या आईने दिलेलं बोचकं. भंडाऱ्याहून एकटा आला म्हणून तू त्याला मारलंस आणि मग रडलीस. ते बोचकं आपण तिघांनी मिळून संपवलं होतं.

आता यंत्राचं. सांगितलंस ते सगळं केलं, त्याच क्रमाने. डीची नक्कल झाली, मी स्वतः चार फाइली उघडून तपासली. सेल बदलला. साईनाथ शर्टाच्या बाह्या सरसावून बसले आणि म्हणाले, "बाई, आधीच सांगतो. नाही उठलं तर मला बोलायचं नाही."

"तुम्हाला कशाला बोलेन? बोलायला माझ्याकडे स्वतंत्र माणूस आहे."

यादी आली. माझं बोट आपोआप खालच्या कळीवर गेलं. साईनाथांनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईचं मनगट धरायची त्यांना लाज वाटली असावी, पण सोडलं नाही. पडदा काळा झाला. इंग्रजीत एक ओळ आली आणि गेली. मग नुसता डिस्कचा आवाज, ट्रेडलसारखा, लांबून. साईनाथ पुटपुटले, "वाचतंय. काहीतरी वाचतंय." मग पडदा उजळला आणि तुझं नाव आलं. पासवर्ड मी टाइप करत असताना साईनाथ कळफलकाकडे बघत होते.

पान उघडं होतं, चंपा. जिथे सोडलंस तिथे. कोपऱ्यातल्या घड्याळात क्षणभर शुक्रवारची दुपार होती, तेरा मार्च. मी बघेपर्यंत ते आजच्या तारखेवर आलं. पण मी पाहिली ती दुपार. तुझा शेवटचा शब्द "टेल" होता. त्याच्याखाली बापूरावांचं नवं:

"टेल. कालव्याचं शेवटचं टोक. इथल्या माणसाला पाणी सगळ्यांत शेवटी मिळतं आणि खूपदा मिळतच नाही. म्हणून नवीन पाटकऱ्याने आल्या दिवशी आधी टेलला चालत जावं आणि विचारावं, आलं का. नसेल आलं तर निदान कोणी विचारायला आलं होतं एवढं त्याला राहतं. मी पहिल्या वर्षी गेलो नाही. नंतर कधी चुकवलं नाही."

समासात तुझी पिवळी टीप: "मु, इथे तुला काही बोलायचं असेल. बोलून झालं की पुढे वाच."

साईनाथ म्हणाले चहा सांगून येतो आणि बराच वेळ आले नाहीत.

मी मोठ्याने वाचायला लागले. एक शब्द वाचला आणि थांबले. मूळ कोणी धरलं नव्हतं. त्याला ताळा म्हणत नाहीत.

मग मी एक गोष्ट केली, तिची नोंद असावी. वीज कधी जाईल सांगता येत नाही. पानं मी तुझ्या बाजूला सेव्ह केली, जुन्यावर नाही, नव्या नावाने. "पाट-२". एका कामाची दुसरी फाइल. नियम मी केला होता, मीच मोडला. हा चार वर्षांपूर्वी मी मोडायला हवा होता की तू, हे आता समोरासमोर ठरवू. आठ जीबी मला नकोत. माझी जुनी कामं बाहेरच्या डिस्कवर गेली, जागा पुष्कळ झाली.

बापूरावांना अजून काही सांगितलेलं नाही. ताळा झाल्याशिवाय सांगणार नाही. हस्तलिखित माझ्याकडे आहे. मूळ मी धरते. वाचायला ये.

तो हात कागदवाल्याला होता. तू दारात उभी आहेस हे मला माहीतच नव्हतं.

मुक्ता


नागपूर, १३ डिसेंबर २०२४

मुक्ता,
जयभीम.

येते. निकिता तिकीट काढते आहे. जानेवारीत, सहा तारखेची गाडी. स्टेशनवर येऊ नकोस. गाडीला उशीर झाला तर तू गाडीला नियम शिकवशील.

अटी माझ्याही आहेत. जिन्याला कठडा बसवून घे, नाहीतर मी खाली मोबाइलच्या कव्हरांत बसून वाचेन. जवसाची चटणी आणते, ती तू झाकून ठेवायची नाहीस, खायची आहे. आणि चहा तू करायचा नाही. ते मला पन्नास वर्षांपासून सांगायचं होतं.

तिसरी अट. बापूरावांना आत्ताच सांग. ताळ्याच्या वेळी तिसरं माणूस बसू द्यायचं नाही हे मला पाठ आहे, पण त्यांना स्टुलावर बसव आणि मी वाचते ते ऐकू दे. शब्दाखालचं गेलं म्हणतेस ना, मग ज्याचं आहे त्याला ते परत ऐकू दे. आधी टेलला जाऊन विचारायचं असतं. इतकं त्यांनी सांगूनही तू अक्षरंच तपासत बसणार असशील तर मी येत नाही.

येते.

मोबाइल नंबर दे. भांडण झालं तर निदान लवकर संपेल.

चंपा


मुद्रा अक्षरजुळणी
शुक्रवार पेठ, पुणे

पोच
११ जानेवारी २०२५

श्री. बापूराव पायगुडे यांस, त्यांच्या कन्या नम्रता यांच्यासमक्ष, आज दुकानात सुपूर्द केलं ते असं:

त्यांच्या पुस्तकाची छपाईसाठी तयार पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. श्रीमती चंपा गजभिये यांनी मोठ्याने वाचली, मुक्ता शितोळे यांनी मूळ धरलं. वाचन चार दिवस चाललं. लेखक सर्व दिवस हजर होते. "पाळी" या शब्दाची हकीकत वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हे कोणी सांगितलं? बरोबर सांगितलंय." "टेल" हा शब्द त्यांनी पुन्हा वाचायला लावला. दुरुस्ती सांगितली नाही.

त्यांचं मूळ हस्तलिखित, दोरीसकट.

अंतिम फाइल पेनड्राइव्हवर. एकच फाइल, एकच नाव. "पाट-२" ताळा झाल्यावर पुसली.

पुस्तकात "जुळणी" या शब्दापुढे दोन नावं घातली आहेत. कोणाचं आधी यावर वाद झाला. लेखकांनी निकाल दिला की जी लांबून आली तिचं.

श्रीमती चंपा गजभिये यांस सुपूर्द: दुकानाची दुसरी किल्ली. ती त्यांचीच होती. आठ जीबीचा तुकडा, जिथे होता तिथेच. पुसायचा नाही.

पावती लेखकांनी चाचपडत स्वतः सही करून दिली. नम्रताने कागद धरला.

दुपारी लेखकांना बसपर्यंत सोडायला दोघी गेल्याने दुकान लवकर बंद केलं. नवीन काम पडद्यावर अर्धं उघडं असल्याने यंत्र बंद केलेलं नाही, झोपवलं आहे. उद्या सकाळी खाली जायची कळ दाबू नये.
— चं. ग.

वाचलं. बरोबर.
— मु. शि.